फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

चाकण-तळेगाव रस्त्यावर मोटारसायकलवरून कामाला निघालेल्या माणसाच्या खिशात परवाना हवा. नसेल तर पोलीस पावती फाडतात, आणि ते योग्यच आहे. तोच माणूस दहा मिनिटांनी कारखान्याच्या फाटकातून आत शिरतो, मोटारसायकल स्टँडला लावतो आणि तीन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर जाऊन बसतो. रिकाम्या गाडीचंच वजन चार टनांच्या वर असतं. माल उचलला की सात टनांहून अधिक वजन घेऊन तो माणसांच्या मधून फिरू लागतो. तिथे मात्र कायद्याने त्याला परवान्याची गरज नाही.

हे कुणाच्या नजरचुकीने झालेलं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहनं मुद्दाम वगळली आहेत. फोर्कलिफ्ट रस्त्यावर आणली तर आरटीओचा संबंध येतो, कुंपणाच्या आत येत नाही. काही ऑपरेटरांच्या परवान्यावर फोर्कलिफ्टची नोंद असते, पण आवारात काम करायला ती सक्तीची नाही. रस्त्याचा कायदा रस्त्यापुरता असावा, हे मला मान्य आहे. माझी तक्रार अशी की, रस्त्याच्या कायद्याने सोडून दिलेली ही गाडी दुसऱ्या कुणी नीट हातात घेतली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात भोपाळनंतर, १९८७ साली, कलम ७-अ आलं. कामगाराला माहिती, शिकवण, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं ही भोगवटादाराची, म्हणजे कारखाना ताब्यात असलेल्याची, जबाबदारी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण किती तास शिकवायचं, कुणी शिकवायचं, परीक्षा कुणी घ्यायची आणि नापास झालेल्याला गाडीवर बसू द्यायचं का, याचं उत्तर त्या कलमात नव्हतं. ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं सुरक्षेचं काम करतो, त्यामुळे ती उत्तरं जवळून पाहिली आहेत. चांगल्या कारखान्यांत नव्या ऑपरेटरला दोन-तीन दिवस रिकाम्या यार्डात फिरवतात, डोळे तपासतात, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा घेतात, मग 'प्राधिकृत ऑपरेटर' असं लिहिलेलं कार्ड गळ्यात घालतात. काही ठिकाणी त्याच नावाच्या कार्डामागे एक फोटो आणि एक सही एवढंच असतं. लांबून दोन्ही कार्डं सारखीच दिसतात. आणि ठेका बदलला की दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. पुढच्या कंपनीच्या गेटवर ऑपरेटरला पुन्हा इंडक्शन, म्हणजे जागेची तोंडओळख, मिळते, पण आधीची कंपनी खरोखर शिकवणारी होती की नुसती सही करणारी, हे तिथल्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

खरं शिक्षण बहुतेक वेळा रात्रपाळीत होतं. 'गाडी कुठे शिकलास?' असं एखाद्या पोराला विचारलं की उत्तर येतं, 'इथंच. दादा चहाला जायचे तेव्हा.' ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलेला, पॅलेटला स्ट्रेच फिल्म गुंडाळणारा हा पोरगा. ऑपरेटर झालो तर पगार वाढेल, उन्हात ओझी उचलायची पाळी येणार नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं. त्याची शिकायची हौस खरी असते आणि त्यात चुकीचं काही नाही. चूक ही की ती हौस पुरवायला त्याच्यासमोर दुसरी वाटच ठेवलेली नाही. दादांना स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या हाताला जे वळण पडलं तेच पोराच्या हाताला पडतं, चुकांसकट.

मोटार येते म्हणून फोर्कलिफ्टही येईल, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला समज आहे. तो किती घातक आहे हे कळायला यंत्राकडे नीट पाहावं लागतं. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवर ठेवलेला तराजू. पुढची चाकं ही त्याची मधली धार, एका पारड्यात माल, दुसऱ्यात मागचं लोखंडी काउंटरवेट. गाडी पुढच्या चाकांनी चालते आणि मागच्या चाकांनी वळते. मोटार चालवलेल्या माणसाचा अंदाज इथेच चुकतो, कारण वळताना या गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. समोर पाहून वळणारा ऑपरेटर पुढची फोर्क रॅकमध्ये बिनचूक घालतो आणि त्याच क्षणी मागच्या बाजूला उभा असलेला माणूस काउंटरवेट आणि खांब यांच्यात सापडू शकतो. त्यात मागचा ॲक्सल मधोमध एका खिळीवर झुलणारा असतो. चार चाकांवर उभी दिसणारी गाडी तोलाच्या दृष्टीने तीनच ठिकाणी टेकलेली असते. पुढची दोन चाकं आणि मागची ती खीळ, या तीन बिंदूंच्या त्रिकोणाबाहेर वजनाचा मध्य गेला की गाडी कलंडते. माल उंच उचलून वळलं तर तो मध्य फार पटकन बाहेर जातो.

गाडीवर एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर तीन हजार किलो असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ५०० मिलिमीटर. ऑपरेटरने पहिला आकडा पाहिलेला असतो, दुसऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष गेलेलं नसतं. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच ती गाडी तीन टन पेलते. लांबट खोका असेल आणि मध्य ७०० मिलिमीटरवर गेला, तर तीच गाडी साधारण अडीच टनच सुरक्षितपणे उचलू शकते. मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा, जसा वर जाईल तसा हा आकडा आणखी उतरतो, पुढे क्लॅम्प किंवा दुसरं जोडकाम लावलं की आणखी. उताराचा नियमही असाच. भरलेली गाडी चढताना माल पुढे आणि उतरताना गाडी रिव्हर्समध्ये, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला. हे अंगभूत शहाणपणाने कुणाला सुचत नाही, शिकवावंच लागतं. मागची चाकं किंचित उचलली गेली तर काउंटरवेटवर दोन माणसं उभी करून काम उरकणारे लोक मी पाहिले आहेत. ती माणसं मूर्ख नव्हती. पाटीवरच्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, एवढंच.

आणि गाडी कलंडलीच, तर? माणसाची उपजत प्रवृत्ती उडी मारायची. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये तीच उडी जीव घेते, कारण डोक्यावरच्या संरक्षक पिंजऱ्याचा खांब उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. पट्टा बांधून आत राहायचं, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट दिशेला झुकायचं, ही योग्य कृती. रॅकच्या अरुंद गल्ल्यांत उभ्याने चालवायच्या ज्या गाड्यांत मागून चढता येतं, त्यांचा नियम याच्या उलट, तिथे मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं. तेव्हा एका गाडीचं शिक्षण दुसऱ्या गाडीला जसंच्या तसं लागू होत नाही. सेकंदाच्या आत करायची ही कृती आहे. आधी दहा वेळा सांगून, बसवून, करून घेतलेली नसेल तर त्या सेकंदाला ती आठवणार नाही.

आता संध्याकाळी सहाचा डिस्पॅच डोळ्यांसमोर आणा. डॉकवर तीन कंटेनर लागलेले, चौथ्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शिफ्ट सुटायच्या आत स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, पूर्ण करा, असा फोन येऊन गेलेला. पॅलेटवर पॅलेट ठेवलेला माल ऑपरेटरच्या डोळ्यांपेक्षा उंच. नियम असा की समोरचं दिसत नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये न्यायची. पण शंभर मीटर मान वळवून रिव्हर्स न्यायला वेळ लागतो, मान दुखते, फेऱ्या कमी होतात. म्हणून तो डोकं बाहेर काढून, एका बाजूने वाकून, पुढेच नेतो. ताशी दहा किलोमीटर हा वेग फार वाटत नाही, पण त्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास तीन मीटर पुढे जाते. माणूस दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, तोवर ते तीन मीटर संपलेले असतात. जोरात ब्रेक दाबला तर सुटा माल पुढे घसरतो. पॅकिंग लिस्टवर टिक करत पाठमोरा उभा असलेला मुलगा त्या तीन मीटरांत असतो की नसतो, यावर सगळं ठरतं.

अशाच एका संध्याकाळी एका कारखान्यात एका हेल्परचा पाय मागच्या चाकाखाली आला. मी त्या चौकशीत होतो. ऑपरेटर ठेकेदाराचा, हेल्पर दुसऱ्या ठेकेदाराचा. अहवालात कारणाच्या रकान्यात दोन शब्द आले, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. त्याला दुसऱ्या दिवसापासून गेट बंद झालं. डॉकवर चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखलेली नव्हती, हे अहवालात आलं नाही. गाडीचा रिव्हर्स बझर बंद असल्याची तोंडी तक्रार झाली होती, तेही आलं नाही. त्या ऑपरेटरने गाडी रात्रपाळीत, कुणाच्या तरी चहाच्या वेळात शिकली होती, ही गोष्ट मी बोललो. ती ऐकून घेतली गेली, पण लिहिली गेली नाही. 'निष्काळजीपणा' लिहिलं की फाइल बंद होते. 'प्रशिक्षण दिलं नव्हतं' लिहिलं की फाइल वरच्या मजल्यावर जाते. त्या मुलाचा पाय वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. ऑपरेटर पुढच्याच महिन्यात शेजारच्या वसाहतीत दुसऱ्या फोर्कलिफ्टवर होता, तेवढ्याच शिक्षणाच्या जोरावर. त्या अहवालाने नेमकं कोण सुरक्षित झालं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.

शिक्षेच्या धाकाने सुरक्षितता येते असं मानणाऱ्यांनी गोदामातल्या रॅकचे खांब पाहावेत. जमिनीपासून हातभर उंचीवर, बरोबर फोर्कच्या पातळीला, पोचे दिसतील. रॅकचा खांब पातळ पत्र्याचा असतो, तो सरळ आहे तोवरच वरचं वजन पेलतो. पोचा आला की त्याची ताकद किती उरली हे नुसतं पाहून सांगता येत नाही. त्यामुळे धक्का लागला की लगेच सांगायचं, तो खण रिकामा करायचा, खांब बदलायचा, हाच एक मार्ग. पण सांगितलं की पगारातून नुकसान कापतात, हे ऑपरेटरला ठाऊक असतं. मग तो सांगत नाही. पोचा तसाच राहतो, त्यावर आणखी माल चढतो, आणि ज्या दिवशी तो खांब बसतो त्या दिवशी खाली दुसराच कुणी उभा असतो. धक्का लपवायला लावणारी व्यवस्था ऑपरेटरला अप्रामाणिक करते, मग त्याच्याच प्रामाणिकपणावर भाषण देते. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी, कारखान्या-कारखान्यांत सुरक्षेची शपथ घेतली जाते. ती शपथ मीही मनापासून घेतो. पण शपथ घेणाऱ्या रांगेतल्या माणसाला 'धक्का लागला तर सांग, पैसे कापणार नाही' एवढं लेखी मिळालं, तर त्या दिवसाला खरा अर्थ येईल.

यंत्र धोकादायक आहे म्हणून चालवणाऱ्याची परीक्षा सरकारने घ्यावी, ही कल्पना आपल्याकडे नवी आहे का? मुळीच नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. त्या वाटेने १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. आज साखर कारखान्यात बॉयलर पेटवायचा तर बॉयलर अटेंडंटकडे सक्षमतेचा दाखला लागतो, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा. त्याची परीक्षा राज्याचं परीक्षक मंडळ घेतं. आणि मुख्य म्हणजे तो दाखला त्या माणसाचा असतो, कारखान्याचा नसतो. कोल्हापूरचा कारखाना सोडून तो नगरला गेला तर दाखला त्याच्याबरोबर जातो, आणि नगरच्या कारखान्याला तो मानावा लागतो. दाखला नसलेल्या माणसाच्या हाती बॉयलर देण्याचा विचारही कुणी करत नाही. विजेच्या जोडणीसाठी तारतंत्रीचा परवाना लागतो, तिथेही हेच. बॉयलर फुटला की एकाच वेळी अनेकांचे जीव जातात, म्हणून समाज हादरतो. फोर्कलिफ्ट एकेका माणसाला चिरडते, कुंपणाच्या आत, बातमी न होता. माझ्या मते ती मागे पडली ती एवढ्यामुळेच.

परदेशाचं उदाहरण देताना प्रामाणिक राहायला हवं. अमेरिकेत १९९९ पासून नियम आहे की ऑपरेटरला आधी वर्गात, मग प्रत्यक्ष गाडीवर शिकवायचं, त्याच्या कामाच्या जागी त्याची परीक्षा घ्यायची आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. अपघात झाला किंवा होता होता टळला, तरी त्याला पुन्हा शिकवायचं. अठरा वर्षांखालच्या मुलाला गाडीवर बसवता येत नाही. पण दाखला तिथेही मालकच देतो, सरकार देत नाही. ब्रिटनमध्येही सरकारी परवाना नाही. तिथे शिक्षण तीन टप्प्यांत अपेक्षित आहे. आधी गाडीची मूलभूत शिकवण, मग त्या विशिष्ट जागेची आणि कामाची, शेवटी देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाची ओळख. ऑस्ट्रेलियात मात्र सरकार परवाना देतं, तो कामगाराच्या नावावर असतो आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. म्हणजे 'प्रगत देशांत सगळीकडे परवाना आहे' हा युक्तिवाद खोटा ठरेल आणि मी तो करणार नाही.

मग आपण अमेरिकेसारखं मालकावर का सोडू नये? कारण आपल्याकडे फोर्कलिफ्टवरच्या माणसाचा मालक कोण, हाच वादाचा मुद्दा असतो. गाडी भाड्याची, ती पुरवणारा एक. ऑपरेटर पुरवणारा ठेकेदार दुसरा. गोदाम चालवणारी लॉजिस्टिक्स कंपनी तिसरी. आतला माल चौथ्याचा आणि शेड पाचव्याची. अपघात झाला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. ज्या माणसाला वर्षाकाठी दोन ठेकेदार बदलावे लागतात, त्याच्या शिक्षणावर पैसे घालण्यात कुठल्याच ठेकेदाराला रस नसतो, आणि ठेकेदाराच्या बाजूने पाहिलं तर ते तर्काला धरून आहे. शिकवेल तो, आणि फायदा घेईल पुढचा. हा तिढा सुटायचा तर शिक्षणाचा पुरावा कामगाराच्या स्वतःच्या हातात द्यावा लागेल.

इथे महाराष्ट्राला बाहेर पाहायची गरजच नाही. एक मालक नसलेल्या कामगाराचं काय करायचं, हा प्रश्न या राज्याने १९६९ सालीच सोडवला आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतल्या पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केलं, आणि माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. माथाडी आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. म्हणून त्याची नोंदणी पेढीकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. पेढीने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस यांचा हिशेब ठेवायचा. मालक बदलत राहिला तरी माणसाचं खातं एकच राहिलं. या व्यवस्थेत बिघाड शिरले आहेत. माथाडीच्या नावाखाली वसुली करणाऱ्या टोळ्यांबद्दल उद्योजक बोलतात ते खोटं नाही, आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण मूळ रचना किती दूरदृष्टीची होती हे त्यामुळे पुसलं जात नाही. जी पोती माथाडीच्या पाठीवर होती, ती आता पॅलेटवर चढून फोर्कलिफ्टच्या फोर्कवर आली आहेत. ओझ्याबरोबर ती रचनाही पुढे यायला हवी होती.

रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्या ऑपरेटरांना या गोष्टीची किंमत फार आधी कळली आहे. तिथल्या मोठ्या प्रकल्पांवर त्रयस्थ संस्थेने परीक्षा घेऊन दिलेलं कार्ड दाखवल्याशिवाय गाडीची किल्ली हातात पडत नाही. आपलाच माणूस, तेच हात, पण तिथे जायच्या आधी तो पदरचे पैसे घालून परीक्षा देतो, आणि परत येऊन भिवंडीच्या गोदामात लागला की ते कार्ड कुणी मागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो परवानाराजचा. आणखी एक खिडकी, आणखी एक शिक्का, आणखी एक हात पुढे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. लहान कारखानदार आधीच कागदांखाली दबलेला आहे. म्हणूनच माझं म्हणणं असं की मालकाकडे एकही नवा परवाना मागू नये. दाखला माणसाचा असावा. मालकाने फक्त त्या दाखल्याचा क्रमांक पाहायचा आणि आपल्या जागेची ओळख करून द्यायची. आज तो दर नव्या ऑपरेटरमागे अंधारात उडी मारतो. उद्या त्याला निदान एवढं कळेल की समोरचा माणूस पाटीवरचा दुसरा आकडा वाचू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दाखले विकले जातील. पैसे भरा, फोटो द्या, कार्ड घ्या. ही भीती खरी आहे, कारण आजही खासगी बाजारात गाडीला हात न लावता कागद मिळू शकतो. त्यावर उपाय शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा ठेवण्याचा. परीक्षा प्रत्यक्ष गाडीवर घ्यायची, भरलेल्या पॅलेटसह, अरुंद गल्लीत, उतारावर. तिचं चित्रीकरण दाखल्याच्या क्रमांकाला जोडून ठेवायचं, म्हणजे अपघात झाला तर परीक्षकालाही उत्तर द्यावं लागेल. लॉजिस्टिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने फोर्कलिफ्टसाठी अभ्यासक्रम केलेला आहे, भारतीय मानक ब्युरोची या गाड्यांच्या सुरक्षिततेची संहिता कित्येक वर्षांपासून आहे. काय शिकवायचं हे ठरवण्यात वेळ जायचं कारण नाही.

ऑपरेटर कमी पडतील, असंही म्हणतात. सुरुवातीला पडतील. त्यासाठी आज गाडीवर असलेल्यांना दोन वर्षांची मुदत द्यावी आणि त्यांची थेट परीक्षा घ्यावी. पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा शाळेत बसवण्यात त्याचा अपमान आहे. पण परीक्षा त्यालाही द्यावी लागेल, कारण पंधरा वर्षांची सवय चुकीचीही असू शकते. परीक्षा मराठीत आणि हिंदीत हवी, तोंडी विचारायची सोय हवी. पाटीवरचे आकडे वाचता येणं आवश्यक आहे, निबंध लिहिता येणं नाही.

एवढं करूनही केवळ दाखल्याने माणसं वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. चालणाऱ्यांची वाट आणि गाडीची वाट यांच्यात नुसता पिवळा पट्टा असेल, तर तो पट्टा पहिल्याच घाईत ओलांडला जातो. मधे लोखंडी कठडा हवा. आंधळ्या कोपऱ्यांवर आरसे हवेत, गाडीचा वेग बसवलेल्या मर्यादेपलीकडे जाणार नाही असं सेटिंग हवं, कंटेनर भरताना ट्रेलरच्या चाकांना ठोकळे हवेत. आणि ऑपरेटरला 'नाही' म्हणायचा अधिकार हवा. माल जास्त आहे, ब्रेक नीट लागत नाही, समोरचं दिसत नाही, असं म्हणून त्याने किल्ली खाली ठेवली तर त्याची हजेरी कापली जाता कामा नये. पण हा अधिकार वापरायला आधी त्याला ठाऊक हवं की माल जास्त आहे. आणि उद्या गेट बंद झालं तरी आपला दाखला आपल्याच खिशात आहे, हा आधार हवा. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही तो सुपरवायझरला नाही म्हणू शकत नाही.

ही वेळ योग्य आहे असं मला वाटतं, त्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता लागू झाली. तिच्यातल्या काही गोष्टी मला पसंत नाहीत. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीस केली, त्यामुळे लहान शेड कारखाना या व्याख्येतून निसटल्या. पण एक दार तिने उघडलं आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना तिच्या कक्षेत येते, मग तिथे काही बनत असो वा नुसतं साठवलं जात असो. भिवंडीजवळच्या मानकोली, काल्हेर, दापोडे इथल्या गोदामांना 'आम्ही कारखाना नाही, आम्हाला दुकानांचा कायदा लागू' असं म्हणून बाजूला होता येत होतं. राज्यात सर्वाधिक फोर्कलिफ्ट जिथे फिरतात अशा जागांपैकी ही गोदामं आहेत, आणि सुरक्षेचा कायदा नेमका त्यांच्या दारात थांबत होता. संहितेखाली मानकं केंद्र ठरवतं, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्याला त्यांत बदल करता येतो.

महाराष्ट्राच्या कामगार विभागाने त्या तरतुदीखाली प्रस्ताव पाठवावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने परीक्षकांचं मंडळ नेमावं, बॉयलरसाठी आहे त्या धर्तीवर. सुरुवात चाकण आणि भिवंडी या दोनच ठिकाणी करावी. परीक्षेची फी गाडी वापरणाऱ्या आस्थापनेकडून घ्यावी, कामगाराकडून एक रुपयाही नको. दाखल्यावर कुठल्या प्रकारची गाडी आणि किती टनांपर्यंत हे छापलेलं असावं. आणि अपघाताच्या अहवालाच्या नमुन्यात, कारणाच्या रकान्याच्या वर, एक रकाना सक्तीचा करावा : ऑपरेटरचा दाखला क्रमांक. तो रिकामा असेल तर चौकशी आधी त्या माणसाला किल्ली देणाऱ्याची व्हावी.